तीनशे सहासष्टाव्या दिवसाचा वैमानिक

अमेरिकेत नोंदलेलं एक प्रवासी विमान रात्रभर अटलांटिक ओलांडून सकाळी फ्रँकफर्टला उतरतं. कॅप्टनच्या खिशात अमेरिकेचा परवाना आहे. बाहेर धुकं आहे, रेडिओवर गर्दी आहे, नियंत्रणाची पद्धत युरोपची आहे. त्यातून वाट काढत तो तीनशे माणसं जमिनीवर आणतो, आणि आमच्या परीक्षा दिल्यास का, असं त्याला कुणी विचारत नाही. आता समजा, हाच कॅप्टन याच बनावटीचं विमान याच धावपट्टीवर उतरवू म्हणतो आहे. फरक एवढाच, की विमानावर अमेरिकेच्या ‘एन’ऐवजी जर्मनीचं ‘डी’ हे नोंदणीचं अक्षर आहे. ही नोकरी कायमची हवी असेल तर त्याला आधी १३ विषयांच्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात. त्यात हवामानशास्त्र येतं, उड्डाणाची मूलतत्त्वं येतात, वजन आणि समतोल येतो. वीस वर्षं तो ज्यावर पोट भरतो आहे, तेच सगळं पुन्हा.

काल सकाळी जो सुरक्षित होता, तो आज असुरक्षित कसा झाला?

याचं उत्तर कायद्यात आहे आणि कायदा ऐंशी वर्षांचा आहे. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोमध्ये ५२ देशांनी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या करारावर सह्या केल्या. त्याच्या ३२व्या कलमानुसार विमान ज्या देशात नोंदलेलं असेल, त्या देशाने दिलेला किंवा ग्राह्य धरलेला परवाना वैमानिकाकडे हवा. ३३वं कलम सांगतं, की असा परवाना ठरलेल्या किमान निकषांना उतरत असेल तर बाकीच्या सह्या करणाऱ्या देशांनी तो मानायचा. थोडक्यात, परवान्याची गाठ आकाशाशी नाही, विमानाच्या नोंदणीशी मारलेली आहे. ३२व्या कलमाचं एक पोटकलम तर मला फार बोलकं वाटतं. आपल्याच नागरिकाने दुसऱ्या देशाकडून मिळवलेला परवाना आपल्या हद्दीत न मानण्याचा हक्क प्रत्येक देशाने त्यात राखून ठेवला आहे. परक्याचा परका परवाना चालेल, आपल्या माणसाचा परका परवाना चालेलच असं नाही! सुरक्षिततेच्या तर्कात हे कुणी बसवून दाखवावं. महायुद्ध संपत आलं होतं, आपलं आकाश आणि आपली माणसं दोन्ही मुठीत राहावीत असं प्रत्येक सरकारला वाटत होतं. त्या काळात ते समजण्यासारखं होतं.

म्हणून परवाना बदलण्याच्या या सगळ्या खटाटोपाबद्दल बोलताना ‘सुरक्षितता’ हा शब्द जरा जपून वापरावा असं मला वाटतं. वैमानिक ज्याला सरसकट ‘कन्व्हर्जन’ म्हणतात, त्यात नव्या देशाने जुन्या आणि नव्या व्यवस्थेतला फरक तपासावा. माणूस पहिल्यापासून पुन्हा तपासू नये. आज बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चालतं. जे दोन्हीकडे सारखं आहे त्याचीच परीक्षा लांबलचक असते, आणि खरोखर वेगळं व धोक्याचं जे आहे ते ‘नियम’ नावाच्या एका पेपरात कोपऱ्यात बसतं.

नियामकांनाही हे कळतं, हे त्यांच्याच नियमांतून दिसतं. युरोपीय संघाच्या २०२०च्या नियमांत परक्या परवान्यासाठी दोन वाटा आहेत. कन्व्हर्जन कायमचं. दुसरं ‘व्हॅलिडेशन’, म्हणजे परका परवाना तात्पुरता ग्राह्य धरणं, मुळात एका वर्षापुरता. प्रवासी विमान उडवायला आलेल्या अनुभवी वैमानिकाला या दुसऱ्या वाटेने जाताना काय करावं लागतं? त्या विमानावरची कौशल्य चाचणी, युरोपचे उड्डाणविषयक आणि परवानाविषयक नियम माहीत असल्याचं दाखवणं, इंग्रजी, वैद्यकीय दाखला आणि पुरेसा अनुभव. बस. तेरा पेपर नाहीत. म्हणजे ३६५ दिवस प्रवासी वाहून न्यायला एवढं पुरतं, असं त्याच नियामकाचं म्हणणं आहे. मग तीनशे सहासष्टाव्या दिवशी त्या वैमानिकाच्या डोक्यातून हवामानशास्त्र उडून जातं का? उलट वर्षभर तिथेच उडून तो तिथल्या पद्धतीत मुरलेला असतो. तात्पुरत्या माणसाला सोपी वाट आणि कायम राहू पाहणाऱ्याला डोंगर, ही रचना गरज पडली की दार किलकिलं करणाऱ्या आणि गरज भागली की लावून घेणाऱ्या बाजाराची आहे. ती वाईटच आहे असं नाही. आपल्या वैमानिकांच्या नोकऱ्या जपाव्यात असं कुठल्याही देशाला वाटू शकतं. पण मग तसं उघड म्हणावं, आणि त्यासाठी रोजगाराचे नियम वापरावेत. हवामानशास्त्राचा पेपर त्या कामासाठी नाही.

पाया पक्का हवा, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. ऑटोपायलट सुटला, वेगमापक खोटं बोलायला लागला, की शेवटी मूलतत्त्वंच कामी येतात. हे खरंच आहे. पण तेरा पेपरांतून पाया तपासला जातो का? या धंद्यातल्या कुणालाही विचारा, प्रश्नसंच घोटणं हा तिथला सर्वमान्य रिवाज आहे. लॅम्बर्ट नकाशावरच्या कन्व्हर्जन्सीचं, म्हणजे रेखावृत्तं एकमेकांकडे किती झुकतात याचं, गणित परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करून सकाळी सोडवायचं आणि दुपारी विसरायचं. ७५ टक्के मिळाले की उत्तीर्ण. नवख्या विद्यार्थ्याच्या बाबतीत यालाही अर्थ आहे, कारण त्याने तो विषय एकदा तरी नजरेखालून घालायला हवा. अनुभवी कॅप्टनचा पाया सिम्युलेटरमध्ये दिसतो. एक इंजिन पेटवून द्या, वाऱ्याचा झोत द्या, एखादं यंत्र चुकीचं दाखवू द्या, आणि बघा. दोन तासांत जे कळतं ते तेरा उत्तरपत्रिकांतून कळत नाही. अशा तपासण्या तो आपल्या देशात ठरावीक महिन्यांनी देतच असतो.

गंमत म्हणजे प्रत्येक व्यवस्था आपल्या बलस्थानालाच मोजपट्टी समजते. अमेरिकेत एअरलाइनच्या परवान्यासाठी मुख्य लेखी परीक्षा एकच, ७० टक्क्यांची. पण तिथे प्रवासी कंपनीत सहवैमानिक व्हायलाही साधारण १५०० तासांचं उड्डाण लागतं. युरोपात तेरा पेपर, पण दोनशे तासांच्या आसपास उडालेला तरुण टाइप रेटिंग, म्हणजे त्या बनावटीच्या विमानाची पात्रता, मिळवून प्रवासी जेटच्या उजव्या, सहवैमानिकाच्या सीटवर बसू शकतो. अमेरिकन म्हणतात, एवढ्या कच्च्या पोराला बसवता कसं? युरोपीय म्हणतात, एवढ्या कमी अभ्यासावर सोडता कसं? अमेरिकेचा हा तासांचा नियम २०१३मध्ये आला. त्याच्या मागे न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळचा १२ फेब्रुवारी २००९चा कोलगन कंपनीचा अपघात होता, ज्यात ५० जण गेले. आणि त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे १५००हून जास्त तास भरलेले होते. नियम कशातून जन्मतो आणि कुठे जाऊन पोचतो, याचा हा नमुना. दोन्ही खंडांतली प्रवासी विमान वाहतूक जगातल्या सर्वांत सुरक्षित वाहतुकींत गणली जाते, हे मात्र दोन्ही बाजू भांडताना विसरतात.

मग खरे फरक कुठे आहेत? ते आहेत, आणि ते माणसं मारतात. म्हणूनच मला या विषयाचा राग येतो.

उंचीमापकाचं घ्या. तो हवेच्या दाबावरून उंची सांगतो, म्हणून त्या वेळचा दाब त्यात लावावा लागतो. हवेचा दाब अमेरिकेत पाऱ्याच्या इंचांत सांगतात, युरोपात हेक्टोपास्कलमध्ये. प्रमाण दाब इथे २९.९२, तिथे १०१३. आता युरोपातल्या एखाद्या वादळी दुपारी नियंत्रक घाईत म्हणतो, ‘नाइन नाइन टू’. म्हणजे ९९२ हेक्टोपास्कल. इंचांत वाढलेल्या कानाला ते २९.९२ ऐकू येतं आणि हात सवयीने तो आकडा लावून मोकळा होतो. २१ हेक्टोपास्कलची चूक. विमान प्रत्यक्षात यंत्र दाखवतंय त्याच्या सुमारे ६०० फूट खाली असतं आणि खिडकीबाहेर ढग. शिवाय अमेरिकेत १८,००० फुटांपर्यंत स्थानिक दाब लावून उडायचं असतं, त्याच्या वर प्रमाण दाब. इतर अनेक देशांत ही सीमा कितीतरी खाली असते आणि विमानतळागणिक बदलते. खाली येताना दाब नेमका कधी बदलायचा, ही साधी सवय दोन व्यवस्थांत वेगवेगळ्या क्षणी जागी व्हावी लागते.

शब्दांचं तसंच. अमेरिकेत बरीच वर्षं विमानाला धावपट्टीवर जाऊन थांबायला सांगताना ‘पोझिशन अँड होल्ड’ म्हणत. बाकी जगात ‘होल्ड पोझिशन’चा अर्थ आहेस तिथेच थांब. तेच दोन शब्द, उलट क्रम, उलट अर्थ. अमेरिकेने २०१०मध्ये आपली शब्दयोजना बदलून ‘लाइन अप अँड वेट’ केली.

आणि बुसान. १५ एप्रिल २००२. एअर चायनाचं बोईंग ७६७ दक्षिण कोरियातल्या बुसानच्या गिमहे विमानतळावर उतरत होतं. वाऱ्यामुळे दुसऱ्या बाजूने धावपट्टी गाठणं भाग होतं, म्हणून विमानाने सर्कलिंग सुरू केलं, म्हणजे धावपट्टी नजरेत ठेवून वळसा. वळसा लांबला आणि विमान डोंगरावर आदळलं. १६६ जणांपैकी १२९ दगावले. तपासात निघालेल्या कारणांपैकी एक असं, की त्या विमानतळावर मोठ्या विमानांनी सर्कलिंग करायचं तर दृश्यमानतेच्या आणि ढगांच्या उंचीच्या कोणत्या मर्यादा पाळायच्या, हेच वैमानिकांना ठाऊक नव्हतं. त्या विमानतळाची रचना अमेरिकी मापदंडांवर होती. बाकीच्या जगात जास्त चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मापदंडात अशा वळशासाठी बरंच रुंद क्षेत्र अडथळ्यांपासून सुरक्षित धरलेलं असतं. अमेरिकी पद्धतीच्या जुन्या मापात ते फार अरुंद होतं. नकाशा तसाच दिसतो, शब्द तेच असतात, पण त्याच वळशात एकीकडे डोंगर हिशेबात धरलेला असतो आणि दुसरीकडे नसतो.

आता बुसानच्या त्या वैमानिकांचा परवाना आठवा. ते चीनमध्ये नोंदलेलं विमान चिनी परवान्यावर उडवत होते. ३३व्या कलमाप्रमाणे सगळं बिनचूक. कन्व्हर्जनचा प्रश्नच कुठे आला नाही. म्हणजे दोन व्यवस्थांमधल्या फरकाचा धोका सगळ्यांत जास्त त्यांना असतो, जे परवाना कधीच बदलत नाहीत आणि रोज सीमा ओलांडतात. त्यांची जबाबदारी सगळी कंपनीच्या प्रशिक्षणावर सोडलेली. आणि जो परवाना बदलायला रांगेत उभा आहे, त्याला विचारलं जातं, की ढगांचे प्रकार किती?

फरकाच्या परीक्षेत काय असावं, याची ही सुरुवात झाली. दाबाची एककं, सर्कलिंगचं क्षेत्र, शब्दयोजना, इंधनाचे नियम, कामाच्या तासांच्या मर्यादा, आणि त्या देशाचं आकाश. एक गंभीर पेपर, आणि त्यानंतर सिम्युलेटरमध्ये हेच प्रसंग. तो पेपर अवघड असायला माझी मुळीच हरकत नाही. नव्वद टक्क्यांचा ठेवा हवं तर.

लॉगबुकाचा, म्हणजे वैमानिकाच्या उड्डाणतासांच्या नोंदवहीचा, तिढा मात्र वेगळा आहे आणि तो अर्ज करणाऱ्यांनाच फार उशिरा कळतो. ‘कॅप्टन म्हणून किती तास?’ हा प्रश्न सरळ वाटतो. पण अमेरिकेच्या नियमांत त्या विमानासाठी पात्र असलेल्या वैमानिकाच्या एकट्याच्या हातात विमानाची सूत्रं असतील, तर तो तेवढा वेळ पायलट-इन-कमांड, म्हणजे कॅप्टन, म्हणून लिहू शकतो, मग विमानाची अंतिम जबाबदारी शेजारच्याची का असेना. इतर अनेक देशांत हे चालत नाही, जबाबदारी ज्याची त्याचेच तास. दूरच्या उड्डाणाची व्याख्याही वेगळी. अमेरिकेत अनेक पात्रतांसाठी किमान ५० सागरी मैलांवर उतरलात तरच ते मोजतात, युरोपात आधी आखलेल्या मार्गाने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेलात तरी पुरतं. परिणामी एकच लॉगबुक एका टेबलावर भरभक्कम आणि दुसऱ्या टेबलावर रोडावलेलं. इथे वैमानिकाने लबाडी केलेली नसते, पण संशय त्याच्यावरच येतो. पहिल्या उड्डाणापासून प्रत्येक व्याख्येच्या तासांचे रकाने सुटे ठेवावेत, एवढाच सल्ला यावर देता येतो.

वैद्यकीय दाखल्याबद्दल मी फार बोलणार नाही. ब्रिटनने २०१२पासून इन्शुलिन घेणाऱ्या काही वैमानिकांना कडक देखरेखीखाली परवानगी दिली, अमेरिकेने व्यावसायिक वैमानिकांना ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी. इथे देशादेशांचा धोक्याचा अंदाजच वेगळा असतो आणि नव्या देशाने स्वतःच्या डॉक्टरकडून तपासून घेणं मला रास्त वाटतं.

आता त्या मुद्द्याकडे येऊ, जो माझ्या म्हणण्याच्या विरोधात सर्वांत जोरात मांडला जातो. खोटे परवाने. मे २०२०मध्ये कराचीत प्रवासी विमान कोसळलं. त्यानंतर जूनमध्ये पाकिस्तानच्या विमान वाहतूक मंत्र्यांनी संसदेत सांगितलं, की देशातल्या ८६० वैमानिकांपैकी २६२ जणांचे परवाने संशयास्पद आहेत. दुसऱ्यालाच परीक्षेला बसवल्याचे आरोप होते. जगभर खळबळ उडाली, अनेक देशांतल्या विमान कंपन्यांनी आपल्याकडच्या पाकिस्तानी वैमानिकांना घरी बसवलं, युरोपने पाकिस्तानच्या राष्ट्रीय विमान कंपनीवर बंदी घातली आणि ती २०२४च्या अखेरीस उठली. पुढे चौकशीत दोषी ठरलेल्यांचा आकडा त्या २६२पेक्षा बराच खाली आला, पण तोवर प्रामाणिक वैमानिकांचंही व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

मग पुन्हा परीक्षा घेणं हाच उपाय नाही का? मला तसं वाटत नाही. २०१०मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्खिफोल विमानतळावर एका वैमानिकाला उड्डाणाच्या तयारीत असताना कॉकपिटमध्येच अटक झाली. बनावट परवान्यावर तो १३ वर्षं युरोपातल्या कंपन्यांची विमानं उडवत होता. तेरा पेपरांच्या खंडात! त्याला कुठल्या परीक्षेने पकडलं नाही, कारण त्याने तिच्यापुढे जायचंच टाळलं होतं. पकडू शकली असती फक्त एक गोष्ट. परवाना देणाऱ्या कार्यालयाला थेट विचारणं, की हा माणूस तुमचा का? अमेरिका परक्या परवान्यावर खासगी वैमानिकाचं प्रमाणपत्र देताना नेमकं हेच करते. परवाना देणाऱ्या देशाकडून थेट खातरजमा येईपर्यंत पुढचं पाऊल पडत नाही. कागद वैमानिकाच्या हातून जात नाही, म्हणून त्यात हात घालता येत नाही. आता इलेक्ट्रॉनिक परवान्यांसाठीही आंतरराष्ट्रीय निकष आले आहेत. तेव्हा आठवडे लागणारी ही खातरजमा मिनिटांत व्हायला तांत्रिक अडचण उरलेली नाही. खोट्या परवान्याला खातरजमा हेच औषध, आणि तिथे मी हवी तेवढी कडक शिस्त मान्य करीन.

फरकापुरती परीक्षा चालते, याचे दाखलेही आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड एकमेकांचे परवाने परस्पर मान्यतेच्या कायद्याखाली मानतात. अमेरिका आणि कॅनडामध्ये २००६पासून विमानांच्या परवान्यांसाठी सोपी अदलाबदल आहे, एअरलाइनच्या परवान्यासह. लेखी भाग फरकांपुरताच. युरोपनेही आपल्या आतल्या भिंती १९९९पासून सामायिक नियम आणून पाडल्या. त्याआधी शेजारच्या देशाचा वैमानिकही परकाच होता. आणि भिंत पुन्हा उभी राहिली की काय होतं, तेही आपण पाहिलं. ३१ डिसेंबर २०२०च्या रात्री ब्रिटन युरोपच्या व्यवस्थेतून बाहेर पडला. परीक्षा त्याच, अभ्यासक्रम तोच, माणसं तीच. १ जानेवारीला युरोपच्या लेखी ब्रिटिश परवाना ‘तिसऱ्या देशाचा’ झाला. ब्रिटनने युरोपच्या परवान्यांना २०२२च्या अखेरपर्यंत मुदत दिली, युरोपने तेवढीही परतफेड केली नाही. शहाण्या वैमानिकांनी आधीच आपला परवाना आयर्लंड, ऑस्ट्रिया अशा देशांकडे हलवून घेतला होता. जे राहिले त्यांचं ज्ञान त्या एका रात्रीत कमी झालं, असं कुणीच म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही, नियम पुरेसा होता.

एका ठिकाणी मात्र माझा युक्तिवाद अडतो, हे कबूल करायला हवं. हे सगळे दाखले श्रीमंत आणि एकमेकांना ओळखणाऱ्या शेजाऱ्यांचे आहेत. शिकागो करारात आज १९३ देश आहेत आणि त्या सगळ्यांची परवाना कार्यालयं सारख्या दर्जाची नाहीत. ज्या कार्यालयात परीक्षेचा उमेदवारच खोटा बसतो, त्याने केलेली खातरजमा तरी कितपत खरी? सरसकट सगळ्यांवर विश्वास टाका, असं मी म्हणू शकत नाही. पण विश्वास मोजायचं साधन आधीच अस्तित्वात आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना १९९९पासून देशांच्या देखरेखीचं लेखापरीक्षण करते आणि परवाने हा त्यातला एक स्वतंत्र विभाग आहे. ज्या देशाचा त्या विभागातला निकाल चांगला, त्याच्या वैमानिकाला फरकाची परीक्षा. ज्याचा कमी, त्याच्या वैमानिकाला मोठी. यातही एक अन्याय आहेच, ढिसाळ सरकारची किंमत चांगला वैमानिक मोजणार. पण आजच्या रीतीत ती किंमत चांगल्या सरकारांचे वैमानिकही मोजतात, आणि त्यामुळे ढिसाळ सरकारला सुधारण्याचं काहीच कारण उरत नाही.

मे २०२१मध्ये युरोपीय संघ आणि अमेरिका यांच्यात परवान्यांची सोपी अदलाबदल लागू झाली. दोन्हीकडच्या तज्ज्ञांनी ओळीओळीने नियम लावून पाहिले, फरक शोधले आणि तेवढेच तपासायचे ठरवले. अगदी जसं व्हायला हवं तसं. ही सवलत मिळाली आहे ती खासगी वैमानिकांना आणि त्यांच्या इन्स्ट्रुमेंट रेटिंगला (बाहेर काही दिसत नसताना यंत्रांवर उडण्याच्या पात्रतेला), म्हणजे सुटीच्या दिवशी चार सीटचं विमान घेऊन फिरायला जाणाऱ्यांना. तीनशे प्रवासी घेऊन रोज अटलांटिक ओलांडणारा, ठरावीक महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये घाम गाळणारा आमचा फ्रँकफर्टचा कॅप्टन त्या करारात नाही.